अकरावा फेरा

घरच्या लाकूडगिरणीतलं करवतीचं धूड वरखाली करायची युक्ती शोधण्यात केंटकीतला माझा अख्खा हिवाळा गेला. तार तुटली, साखळी लावली तर एकच बाजू चढली. "वर चढतंय ते तुझं ब्लडप्रेशर," बायको वेल्मा म्हणाली, "विकतची गिरणी आण, नाहीतर नाद सोड." विकतची आणणारा आमच्या खोऱ्यात अजून जन्मायचाय. शेवटी आई गेल्यावर कोठारात टाकलेला तिचा आजारपणातला पलंग उलटा केला. चार वर्षं मी त्याचं हँडल फिरवलं होतं. अकरा फेऱ्यांत आई उठून बसायची, हातातली कॉफी हिंदकळायचीसुद्धा नाही. त्याचाच स्क्रू गिरणीला जोडला. हँडल फिरवलं आणि धूड हिसका न देता चढू लागलं. अकराव्या फेऱ्याला हात थांबला. ओंडक्याचा माथा अजून वीतभर वर होता. "थांबलास का?" वेल्माने विचारलं. मग हळूच म्हणाली, "बसू दे तिला जरा."