सोपानमामांच्या आठ्या

इंग्रजीच्या तोंडी परीक्षेची रांग लागली होती आणि तिच्यातला प्रत्येक जण मोबाईलमधल्या चॅटबॉटशी इंग्रजीत बोलत होता. विभागाचे शिपाई सोपानमामा स्टुलावर मोकळेच बसले होते. आमच्या वेळी सराव त्यांच्यापुढे चालायचा. आम्ही बोलायचो, ते ऐकायचे.

मी आता परीक्षक. चहा संपवत दाराशी उभा होतो, तेवढ्यात रांगेतली तेजल फोन पिशवीत टाकून मामांपुढे आली.

"मामा, हा प्रत्येक वाक्याला शाबासकी देतो. पण समोर माणूस दिसला की माझी वाचाच बसते. आज नापास झाले तर वर्ष जाईल. ऐकता का जरा?"

मामांनी टोपी सारखी केली. ती अडखळत बोलू लागली. मध्येच मामांच्या कपाळावर आठ्या पडल्या. तिनं वाक्य बदललं आणि पुढे सुसाट सुटली.

आत माझ्यापुढेही ती तशीच बोलली. पास झाली.

बाहेर पडताना तिनं दारातच विचारलं, "मघाशी काय चुकलं होतं, मामा?"

"काही नाही गं. गुडघ्यात कळ आली. मला कुठं इंग्रजी येतंय?"

ती पोट धरून हसली. तीस वर्षांपूर्वी त्याच आठ्या बघून मीही एक वाक्य बदललं होतं. तेव्हा मामांचं काय दुखत होतं, हे विचारायचा धीर मला अजून झालेला नाही.