बांधापलीकडचं हिरवं

"मामाजी, आज नाही उडत," वंदना म्हणाली आणि तिने मोबाइल सासऱ्यापुढे धरला.

उकंडरावांनी आधी मोबाइलकडे पाहिलं, मग वाटेवर चार पाय पसरून बसलेल्या ड्रोनकडे. सकाळीच त्याला हळदकुंकू लावून झालं होतं, नारळ फुटला होता, टाकीत दहा लिटर औषध भरलं होतं. तूर ऐन फुलात होती आणि फुलांवर अळी पडली होती. अळी काही मुहूर्त बघून खात नाही.

"काऊन नाही उडत? बॅटरी गेली का?"

"बॅटरी फुल हाय. आभाळ बंद हाय."

मोबाइलवर ड्रोनवाल्यांचा सरकारी नकाशा होता. त्यात त्यांचं अख्खं शेत लाल दिसत होतं. वंदनाने समजावून सांगितलं. एरवी इथे हिरवं असतं, आणि हिरव्यात चारशे फुटांपर्यंत कुणाला न विचारता उडवता येतं. पण आज दुसरबीडला मोठ्या साहेबांची सभा. त्यांचं हेलिकॉप्टर उतरायचं म्हणून भोवतीचं पाच किलोमीटर आभाळ उद्या संध्याकाळपर्यंत लाल केलं होतं.

"वावर माहं. तूर माही. अन् आभाळ त्यायचं?"

उकंडराव असे सहजासहजी ऐकणाऱ्यातले नव्हते. त्यांनी बंडीच्या आतल्या खिशातून घडी घातलेला सातबारा काढला. तलाठ्यापासून तहसीलदारापर्यंत सगळे या कागदापुढे गप्प होतात, असा त्यांचा चाळीस वर्षांचा अनुभव होता.

"याच्यावरचा गट नंबर टाक त्याच्यात. मंग पाहू कसं लाल राह्यते ते."

वंदना हसली नाही. माणूस खिशातली सगळ्यात मोठी गोष्ट बाहेर काढतो तेव्हा हसू नये, एवढी समज तिला होती.

"सातबाऱ्यावर आभाळ नसते, मामाजी."

"मंग उडव तसंच. कोन पाहून राह्यलं?"

"उडवलं तं उडंन. पन माहं लायसन जाईन. बचत गटाच्या बायाईनं मले पंधरा दिवस ट्रेनिंगले धाडलं. त्याईले काय सांगू?"

लायसनचं नाव निघताच म्हाताऱ्याने हट्ट सोडला. सुनेच्या लायसनचा फोटो त्यांनी अख्ख्या गावाला दाखवला होता, डोणगावच्या व्याह्यांना तर दोनदा.

"न विचारता बंद केलं," ते म्हणाले. त्यांना खरंच लागलं होतं. "एका शब्दानं विचारलं नाही आपल्याले."

"नाही विचारत."

वंदनाने बोटांनी नकाशा मोठा केला. लाल वर्तुळाची कड बरोबर त्यांच्या पलीकडच्या बांधावरून गेली होती. बांधापलीकडे हिरवं, आणि त्या हिरव्यात शेजारच्या जाकीरची तीन एकर तूर.

"जाकीरभाईच्या वावरात उडवता येते," ती म्हणाली. "त्याईच्या तुरीले आपल्याहून जास्त अळी हाय. आज नाही मारलं तं शेंगच धरनार नाही. पन मशीन, बॅटऱ्या, पान्याचे ड्रम, सारं ऑटोत न्या लागते. ऑटो तिकडे जाईन कसा?"

जाकीरच्या वावरात जायची वाट उकंडरावांच्या शेताच्या कडेने होती, आणि त्या वाटेवर उकंडरावांनीच बाभळीच्या काटेरी फांद्या टाकून तीन आठवडे झाले होते. जाकीरच्या बैलगाडीचं चाक ठिबकच्या नळीवरून गेलं आणि नळी फुटली, एवढंच कारण. दुसऱ्या दिवशी जाकीरने नवी नळी बसवून दिली होती. पण वाट बंद ती बंदच, आणि बोलणंही.

फांद्यांपलीकडे जाकीर उभा होता. पाठीवर फवारणीचा पंप, हातात पाण्याची कॅन. तीन आठवडे तो लांबचा वळसा घालून, नाल्यातून चढून पाणी नेत होता. वंदनाला ते रोज दिसायचं आणि रोज लाज वाटायची.

तेवढ्यात आवाज आला. हेलिकॉप्टर तुरीवरून गेलं, इतकं खालून की खिडक्या दिसल्या. तिघांनीही माना वर केल्या. आतल्या कुणी खाली पाहिलं की नाही, ते काही कळलं नाही.

आवाज विरल्यावर उकंडरावांनी सातबाऱ्याची घडी घालून तो खिशात ठेवला. मग ते फांद्यांपर्यंत गेले, धोतर वर खोचलं आणि पहिली फांदी ओढून कडेला टाकली. काटा तळहातात गेला. तो न काढताच त्यांनी दुसरी फांदी धरली. ही मोठी होती, गवतात गुंतून बसली होती. एकदा ओढली, दोनदा ओढली, हलेना. तिसऱ्यांदा ती हलकी लागली. पलीकडच्या टोकाला जाकीरने कॅन खाली ठेवून हात लावला होता.

दोघांनी मिळून ती कडेला नेली. एक मातीकडे बघत होता, दुसरा फांदीकडे.

"वंदना," उकंडरावांनी मागे न पाहता हाक मारली. "जाकीरले सांग, वाट उघडली म्हना."

"मामाजी, ते तुमच्या समोरच उभे हायेत."

"तूच सांग. मी बोलत नाही त्याच्यासंग."

जाकीरने फांदी खाली ठेवली आणि वंदनाकडे वळला.

"वहिनी," तो म्हणाला, "काकाले सांगा, हातातला काटा पह्यले काढून घ्या म्हना."