दोन्ही हातांवर

"पूजा होईपर्यंत मला शिवायचं नाही. सोवळ्यात असते मी."

दुबईला आल्या दिवशी सासूबाईंनी विनिताला बजावलं होतं. रोज सकाळी तेच. आज फायर अलार्म किंचाळत होता, तरी पलंगाला चिकटून कृष्णाबाई ओरडत होत्या, "शिवू नकोस!"

करामा भागातली जुनी बिल्डिंग. खालच्या फ्लॅटमधून धूर येत होता. लिफ्ट बंद. कृष्णाबाईंना गुडघ्यांमुळे जिना उतरवेना. वॉचमन यूनुस त्यांना पाठीवर घ्यायला आला, त्यालाही त्यांनी हाकललं. तो दुसरी दारं ठोठावायला पळाला.

विनिताचं डोकं फिरलं. किती महिने गिळायचं? लुगडं पहाटे स्वतःच धुणार. अंथरुणाला कुणाला हात लावू देणार नाहीत. खोलीत उदबत्त्यांचा नुसता धूर. उपास-तापास काय ती करत नव्हती?

"आई, माझ्या हातचं जेवता ना? मग हाताचाच विटाळ कसा?"

"मम्मा, प्रिन्सेस कॅरी!" दारातून प्रज्ञा ओरडली. तिच्या जपानी कॉमिक्समध्ये हिरो हिरॉइनला तसाच उचलतो. "वन आर्म बिहाइंड द बॅक, वन अंडर द नीज. यल्ला, चल लवकर!"

"इथे घर पेटलंय आणि हिला हिरो सुचतोय!" विनिता करवादली.

पण उचललं तसंच. दात-ओठ खाऊन उचललं.

कृष्णाबाईंनी डोळे घट्ट मिटले. दोन पायऱ्या उतरल्यावर विनिताला गुडघ्यांखालच्या हाताशी ओल लागली. गार. रात्रीची. मग वासही आला.

ती थबकली.

"परेशला कळू देऊ नकोस गं," कृष्णाबाई तिच्या खांद्यात तोंड खुपसून पुटपुटल्या. "रोजचंच झालंय."

"नाही कळणार, आई."

बाकीचा जिना ती सावकाश उतरली.

खाली सगळी बिल्डिंग जमली होती. विनिताने सासूबाईंना वॉचमनच्या खुर्चीत बसवलं.

"खलास, वहिनी, मिटलं सगळं! कुणाची तरी कढई जळली," म्हणत यूनुसने पाण्याची बाटली पुढे केली.

इतक्यात नाइट शिफ्टहून आलेला परेश टॅक्सीतून उतरला आणि "आई!" म्हणत धावत सुटला. कृष्णाबाईंनी पदर मांडीवर ओढून घेतला.

विनिताने झाकण काढलं आणि तो पोहोचायच्या आत अख्खी बाटली त्यांच्या मांडीवर उपडी केली.