पनवेल शाखेचा अध्यक्ष

"तो विचारेल, ओळखलं का. तुमी म्हणायचं, नाय. बस, एवढंच काम हाय."

मंडपामागच्या खुर्चीत बसलेल्या डुप्लिकेटला भगवान पुन्हा पुन्हा पढवत होता. ओवे गावात आज त्याच्या लेकीची, मनस्वीची हळद. पुढे बँजो सुरू झाला होता आणि हळदीला जुना सिनेस्टार कुमार वीरेन येतोय, तोही खराखुरा, असा गावभर बोभाटा झाला होता. बोभाटा करणारा भगवानच. मेव्हण्याच्या नव्याकोऱ्या गाडीवर 'विकणे आहे' चिकटवून त्याला आठवडाभर फोन उचलायला लावणारा माणूस तो. त्याला हे काय जड.

डुप्लिकेट मात्र त्याला मनासारखा मिळाला नव्हता. विग लावलेला, टणाटण नाचणारा कुणीतरी येईल असं वाटलेलं, आला हा सत्तरीचा थेरडा. नाक जाड, डोळ्यांखाली पिशव्या. डावा पाय ओढत चालायची लकब तेवढी बेट्यानं बरोबर उचलली होती. "वयावर जाऊ नका शेठ," एजंट फोनवर म्हणाला होता, "खरा वीरेन तरी आता काय तरणा असणार?" नाव विचारलं तर म्हातारा बोलला, आज वीरेनच म्हणा.

"पण त्या माणसाचं म्हणणं काय आहे?" म्हाताऱ्यानं विचारलं.

भगवाननं थोडक्यात सांगितलं. इक्बाल म्हणून एक दोस्त हाय. लहानपणी कर्नाळ्याला शूटिंग होतं, तिथं वीरेननं म्हणे याच्या डब्यातलं घावन खाल्लं. चाळीस वर्षं तीच टेप लावतोय. आज चार माणसांत त्याची हवा काढायची.

"आणि मी ओळखलं म्हणालो तर?"

"तर पाकीट विसरा."

म्हाताऱ्यानं कंगवा काढून भांग नीट केला.

बाकीचं भगवानच्या पोटातच राहिलं. ते त्यानं बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं, या भाड्याच्या वीरेनला कुठं सांगणार?

कुमार वीरेन फॅन क्लब, पनवेल शाखा. वडाळे तलावाच्या काठावर सभा भरायची. सोडा बाटलीच्या बुचावर वीरेनचं तोंड चिकटवून केलेला बिल्ला छातीवर, भांग वीरेनसारखा, आणि दुसऱ्या हिरोचं पिक्चर बघणार नाही अशी शपथ. अध्यक्ष भगवान, कारण त्याचे काका थेटरात तिकिटं फाडायचे. इक्बाल साधा मेंबर.

आणि वीरेन कर्नाळ्याला आला तेव्हा अध्यक्ष गोधडीत. अंगात ताप, आईचा पहारा. मेंबर मात्र सायकल हाणत गेला आणि संध्याकाळी फोटो घेऊन आला. वीरेनचा फोटो, खाली सही, वर लिहिलेलं: 'भगवानला'.

भगवान तापात होता, पण अक्कल शाबूत होती. इक्बालला खरंच वीरेन भेटला असता तर त्यानं स्वतःसाठी नसता आणला फोटो? एकच, आणि तोही दुसऱ्याच्या नावाचा? कोण देतं असं? सही यानंच ठोकली, आपल्याला बनवायला. बरा झाल्यावर त्यानं शाळेच्या गेटवर, सगळ्या क्लबासमोर, त्या फोटोचे तुकडे केले. इक्बाल सायकलवर बसून निघून गेला. क्लब मात्र तिथंच फुटला.

पुढं इक्बाल कुवेतला गेला, आला, पनवेलला काचसामानाचं दुकान टाकलं. दोस्ती टिकली, म्हणजे ईदची बिर्याणी आणि गणपतीचे मोदक इकडून तिकडे जात राहिले. पण कुठंही चार टाळकी जमली की इक्बाल घावनाची गोष्ट काढायचा आणि भगवानचा हिशोब पुन्हा सुरू व्हायचा. खरी असली तर आपण चुकलो. खोटी असली तर हा आपल्याला अजून उल्लू बनवतोय. एकदाचा निकाल लागला पाहिजे होता.

निकाल लागायला फार वेळ लागला नाही. डुप्लिकेट स्टेजवर बसला, सेल्फीवाल्यांची झुंबड उडाली. गर्दीतनं इक्बाल पुढे आला. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, हातात डबा. बायकोनं, रुमानानं, खास घावन करून दिलेलं.

"साहब, ओळखलं का?" इक्बालचा आवाज पोरासारखा झाला होता. "कर्नाळा. शाळेच्या शर्टातला पोरगा. माझ्या अम्मीच्या हातचं घावन खाल्लं होतं तुम्ही."

म्हातारा त्याच्याकडे बघत राहिला. बघतच राहिला. भगवाननं बाजूला उभं राहून घसा खाकरला.

"नाही," म्हातारा म्हणाला. "मी कुणाच्या डब्यातलं खात नाही."

आधी कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळा मंडप. भगवानचा पुतण्या हितेश ओरडला, "चाचा, चाळीस वर्षं नुसती फेकाफेक?" बँजोवाल्यानंही मधेच एक सूर काढून हात धुऊन घेतले.

इक्बालनं वीरेनकडे पाहिलं नाही. भगवानकडे पाहिलं. डबा हळूच स्टेजच्या कडेला ठेवला.

"मनस्वीला माझी दुवा सांग," तो म्हणाला. "जेवायला थांबत नाही."

गेला तो. भगवान खूष व्हायची वाट बघत उभा राहिला. खुशी काही येईना. म्हटलं, दमलो असू, सकाळपासून पायाला भिंगरी हाय.

डुप्लिकेटला वाटेला लावायला तो मंडपामागे गेला. म्हातारा त्याच खुर्चीत बसला होता, मांडीवर इक्बालचा डबा उघडा. घावनाचा तुकडा मोडून सावकाश चावत होता.

"झकास काम केलंत," भगवान म्हणाला आणि पाकीट पुढं केलं.

म्हाताऱ्यानं पाकीट घेतलं, न बघता खिशात घातलं.

"त्याच्या आईचं याहून पातळ होतं," तो म्हणाला. "खाल्लं, हात पुसले, खिशात एकच फोटो उरला होता तो काढला. म्हटलं, नाव सांग बाळा. तर म्हणाला, माझं नको, आमचा अध्यक्ष तापानं पडलाय, त्याचं लिहा." त्यानं डबा नीट बंद केला आणि भगवानच्या हातात दिला. "बरा झाला का हो तो पोरगा?"