शुद्ध केलेलं चुंबक

"माय, हलंना गेलंय हे," शिवकन्या पुटपुटली आणि तिनं काचेला पुन्हा टिचकी मारली.

काचेवर लोखंडाचा कीस, काचेखाली शाळेचं एकुलतं एक धड चुंबक. एरवी टिचकी मारली की कीस सुरसुरत उठायचा आणि एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं कमानी धरून बसायचा. दैवशालानं घरी लेकीचा हा प्रयोग कितीदा तरी पाहिला होता, आणि दर वेळी "अगं बया!" म्हटलं होतं. आज कीस मेल्यासारखा पडून.

पालमच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन भरलं होतं. परीक्षक शेजारच्या टेबलापाशी पोचले होते. उद्या गावातून ऊसतोडीची गाडी निघणार होती, आणि सुग्रीवनं बायकोला बजावलं होतं, "पोरीचा नंबर आला तर शाळेच्या मॅडम तिला वसतिगृहात ठेवते म्हणतेत, ऱ्हाऊ दे. न्हाई आला तर चाल म्हणावं आपल्यासंगं." सुग्रीवचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

म्हणून तर दैवशालानं चुंबक देवापाशी ठेवलं होतं. नेमकी पोर बाजूला बसली, अन् त्याच हातानं तिनं ते उचललं. एवढ्या मोठ्या कामाला विटाळाची वस्तू न्यायची? अशा वेळी सासू तांब्या-पितळेचं भांडं विस्तवात घालायची. दैवशालानंही तेच केलं. चुंबक गोवऱ्यांच्या निखाऱ्यात पार लालबुंद केलं, वर गोमूत्र शिंपडलं. टोकांचा रंग तेवढा जळाला. आज पोर डोक्यावरून न्हाली, तवा कुठं फडक्यात बांधून आणलेलं चुंबक तिच्या हाती दिलं, तेही इथं टेबलापाशी.

परीक्षक आले. त्यांनी चुंबक उचलून टाचणीला लावलं. टाचणी ढिम्म.

"चुंबकाची शक्ती कशानं जाते, सांगशील?" आवाज मायेचा होता.

शिवकन्येनं ते काळं ठिक्कर चुंबक पाहिलं. आईकडं मात्र पाहिलं नाही.

"आपटल्यानं, सर." तिनं कीस एका बाजूला सारला. "आणि लय तापवल्यानं. आत बारीक बारीक चुंबक एका दिशेनं उभे असतेत. आगीत त्यांची रांग मोडते."

"बरोबर. मग जपायचं होतं की, बाळा."

ते पुढं निघाले. दैवशालाला आत्ता कुठं उमगलं. देवा रे, वैरीही करणार नाही ते आपण पोटच्या पोरीचं केलं! ती धावतच त्यांच्या मागं गेली.

"सर, त्ये मी भाजलं. माझ्या हातानं. पोरीचा काय बी दोष न्हाई वो."

"मावशी, दोष कुणाचाच नाही. पण प्रयोगच झाला नाही, तर नंबर कशाला देऊ?"

ती परत आली तेव्हा शिवकन्या कीस कागदात गोळा करत होती, एक कणही सांडू न देता.

"शिवे, कामून सांगितलं न्हाईस त्याला, माझी माय येडी हाय म्हणून? रड की गं. शिव्या दे मला."

पोरीनं कागदाची पुडी बांधली.

"माय," ती म्हणाली, "मला कोयता नवा घ्यायचा, का तुझा जुनाच द्यायलीस?"