मोडक्या पायरीवरून किल्ला

"हे बघ वहिदा, हा मोबाइलचा टॉवर. त्र्याण्णव साली कंधारात असलं काही होतं का?"

लातूरच्या कोचिंग क्लासच्या हॉलमध्ये लावलेल्या त्या चित्रापुढून रेणुकादास गुरुजी सकाळपासून हलले नव्हते. नातीच्या प्रवेशासाठी आले होते, आणि प्रवेश बाजूलाच राहिला. मागच्या वर्षी नांदेडला रस्त्यावर बसलेल्या एका पेंटरकडून हे चित्र घेतलं, एवढंच क्लासच्या कारकुनाला माहीत होतं. खाली सही नव्हती.

चित्रात कंधारचा किल्ला होता. भरलेला खंदक, काळा बुरूज, मागे तो टॉवर. पण सगळं खंदकाच्या मोडक्या पायरीवरून पाहिलेलं. दर रविवारी त्या पायरीवर दोघंच चित्रं काढत बसायचे, गुरुजींचा मुलगा मुकुल आणि त्याचा दोस्त जलील पेंटर. वहिदा ही जलीलची बायको, आता लातुरातच राहणारी. गुरुजींनी निरोप धाडला तशी हातातलं शिवणकाम टाकून आली होती.

भूकंपाच्या आदल्या दिवशी दोघं किल्लारीकडच्या एका गावात देवीच्या मंडपाचा पडदा रंगवायला गेले होते. ढिगाऱ्यातून जलीलचं प्रेत निघालं. चेहरा राहिला नव्हता, वहिदानं नखांतल्या रंगावरून ओळखलं. मुकुल सापडलाच नाही. डोक्याला मार लागून कुठंतरी भरकटला असेल, असं सौदामिनीबाई इतकी वर्षं म्हणत आल्या होत्या. रेशनकार्डावरून मुलाचं नाव त्यांनी कमी करू दिलं नाही. गुरुजी मनातल्या मनात बायकोला वेड्यात काढायचे. आज त्यांना त्याची भारी लाज वाटत होती.

"जलील बिचारा गेला. मग ती पायरी ठाऊक असलेला उरला कोण? माझा मुकुलच की! घरी हिला फोन केला. लोह्याहून बस मिळाली म्हणाली."

बोलता बोलता म्हातारा ढसाढसा रडू लागला. वहिदा चष्मा लावून चित्राच्या अगदी जवळ गेली आणि बराच वेळ बुरूज पाहत राहिली.

"गुरुजी, तुमी पोरायला चित्र वाचायला शिकवायचे. बुरुजावरच्या सावलीच्या ह्या रेघा अशा उलट्या का कललेल्या हायत?"

"डाव्या हातानं मारल्या की तशाच पडतात," गुरुजी सवयीनं बोलून गेले, आणि डोळे पुसता पुसता त्यांचा हात थांबला.

"मुकुलभाऊ उजवे होते." वहिदानं चष्मा काढला. "डावखुरे आमचे हे. त्या हातावर तुमीच लई छड्या मारल्या, तरी सुटला न्हाई."

हॉलमध्ये मुलं शिरू लागली होती. बाहेर रिक्षा थांबली आणि सौदामिनीबाईंनी तिथूनच हाक मारली, "अहो, कुठंय तो?"

वहिदानं गुरुजींकडे पाहिलं.

"मग गुरुजी, कबरस्तानात त्या दिवशी तुमी मूठमाती दिली, ती कुणाला?"