नागपूर ते दिल्ली, एक डहाळी

"हा झाडपाला घेऊन विमानात बसतो का बे?" गुणवंतराव ओरडले.

लालसूनं डहाळी सोडली नाही. नागपूरच्या विमानतळावर कुंपणापाशी कडुलिंब होता. त्याचीच त्यानं आत्ता मोडली होती. अहेरीच्या पलीकडे, त्याच्या जंगलात, कोस असाच मोजतात. निघताना डहाळी मोडायची. हातात धरून चालायचं. पानं मान टाकतील तिथं कोस संपला; त्याला अर्धा दिवस सहज लागायचा.

सव्वीस जानेवारीच्या नाचाला त्याच्या गावची मंडळी आधीच रेल्वेनं दिल्लीला गेली होती. तिथं ढोलवाला तापानं पडला. तार आली. दुसऱ्याच दिवशी सरकारी बाबू गुणवंतराव जीप घेऊन गावात हजर. रेल्वेनं वेळेत पोचणं शक्य नव्हतं, म्हणून विमान. लालसूही ढोल वाजवायचा.

लालसूचं मन ढोलात नव्हतं. घरी बायको होती, सोमारी. तीन वर्षं झाली, तिच्या पायाची जखम भरत नव्हती. आता पाय टेकवतही नव्हता. दर पावसाळ्याआधी लालसू गुणवंतरावांकडे जायचा, गावात डॉक्टर पाठवा म्हणायचा. उत्तर ठरलेलं. "मंजुरी दिल्लीवरून येते, लालसू. दिल्ली लय लांब हाये. टाइम लागते."

लालसू घरी जाऊन सोमारीला तेच सांगायचा. ती मान हलवायची. इतक्या लांबच्या माणसांवर रागवायचं तरी कसं?

विमान उडालं. एका पोरीनं येऊन लिमलेटची गोळी दिली, कानात घालायला कापूस दिला. गोळी त्यानं सोमारीसाठी धोतराच्या सोग्यात बांधली.

"खाली पाह्य ना लेका! नर्मदा येऊन राह्यली!" गुणवंतराव खिडकीला चिकटले होते. तेही पहिल्यांदाच बसले होते विमानात.

लालसू पानांकडे पाहत राहिला.

दिल्लीला चाकं टेकली तसे गुणवंतराव फुलले. "साडेपाचशे मैल! चार घंट्यात! समजते का काई?" मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "सांग मंग, तुह्या डहाळीनं किती कोस झाली दिल्ली?"

लालसूनं एकेक पान चाचपलं. जराशी मलूल होती. मान एकानंही टाकली नव्हती.

"एक कोस बी नाई झाला, साहेब."

अख्खं विमान हसलं. गुणवंतरावांच्या तर डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी लालसूच्या पाठीवर थाप मारली. "पाह्यलं? इतकी जवळ हाये दिल्ली!"

लालसू हसला नाही.

"मंग तीन वर्सं मी सोमारीसंग खोटं बोललो का, साहेब?"